ओढणारी गाडी, ढकलणारी गाडी

पहिली नोकरी लागून दोन-तीन वर्षं झाली, ईएमआयचं गणित जमायला लागलं, की गाडी घ्यायची चर्चा सुरू होते. घरचे मायलेज विचारतात, मित्र सनरूफ विचारतात, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा असा असतो जो वेगळाच प्रश्न विचारतो: "फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे की रिअर-व्हील?" उत्तर 'फ्रंट' आलं की तो जरा खेदानं मान हलवतो. त्याच्या लेखी चालवण्याची खरी मजा मागच्या चाकांनी पळणाऱ्या गाडीत असते. बाकीच्या गाड्या म्हणजे घरून ऑफिसला पोचायची सोय.

हा प्रश्न इंजिनिअरिंगचा वाटतो आणि निम्मा तो तसा आहेही. उरलेला निम्मा मात्र नीतीचा आहे. मजा नेमकी कुठे असते, गाडीत, हातात की रस्त्यात? आणि ती घेताना बिल कुणाच्या नावावर फाटतं? आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. हौसेवर खर्च केलेल्या पैशांचा हिशेब मांडत बसू नये, हा त्याचा अर्थ. त्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे हौस ज्याची, खिसाही त्याचाच. गाडीच्या हौसेत हे गृहीतक टिकतं का, ते तपासून बघायला हवं. त्याआधी थोडं यंत्राबद्दल.

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात सकाळी जाऊन हातगाड्या बघाव्यात. काही जण गाडी पुढून ओढतात, काही मागून ढकलतात. ओढणारा जिकडे जाईल तिकडे गाडी निमूट मागे येते. ढकलणाऱ्याला जोर चांगला लावता येतो, अंगाचं सगळं वजन कामी येतं, पण वळणावर त्याला सतत लक्ष ठेवावं लागतं, कारण जोर लावायची जागा मागे आणि दिशा ठरायची जागा पुढे. मोटारीचा हिशेब इतका सरळ नाही, तरी सुरुवातीला हे चित्र पुरेसं आहे. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी स्वतःला ओढते, रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी स्वतःला ढकलते.

आता टायर. रस्त्यावर टायरची जी पकड असते ती महिन्याच्या पगारासारखी समजा. ठरलेली रक्कम आहे, त्यातच सगळं भागवायचं. गाडी पळवणं, थांबवणं आणि वळवणं, हे तिन्ही खर्च त्याच पगारातून होतात. फ्रंट-व्हील गाडीत पुढच्या दोन टायरांना वळवायचंही असतं आणि ओढायचंही असतं. वळणात असताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला की ओढण्यावर इतकी पकड खर्च होते की वळवायला उरत नाही. मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक हवं तितकं वळत नाही, गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकत जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. रिअर-व्हील गाडीत कामाची वाटणी असते. पुढचे टायर वळवतात, मागचे ढकलतात. त्यातून वेग वाढवताना गाडीचं वजन मागे झुकतं, आपली पाठ सीटला टेकते त्याच कारणानं, आणि मागच्या टायरांना रस्त्यावर जास्त दाब मिळतो. पण तिथेही पगार संपतोच. मागच्या टायरांनी पकड सोडली की गाडीची शेपूट बाहेर फिरते. हे ओव्हरस्टिअर.

या दोन चुकांचा स्वभाव वेगवेगळा आहे, आणि सगळा वाद खरं तर त्या स्वभावाचा आहे. घाबरलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया काय असते? पाय काढून घेणं. अंडरस्टिअर होणाऱ्या फ्रंट-व्हील गाडीत हीच प्रतिक्रिया बहुतेक वेळा बरोबर ठरते. पाय काढला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरांना पकड परत मिळते, नाक वळायला लागतं. म्हणजे ही गाडी भीतीला सांभाळून घेते. रिअर-व्हील गाडीची शेपूट फिरत असताना झटक्यात पाय काढला तर वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गिरकी घेऊ शकते. तिथे पाय हळुवार सैल करायचा असतो आणि शेपूट ज्या बाजूला चालली आहे त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं असतं. हे आपोआप सुचत नाही, शिकावं लागतं. (फ्रंट-व्हील गाडीही भलत्या वेळी पाय काढल्यावर शेपूट फिरवू शकते, त्यामुळे तिला अगदी गरीब गाय समजू नये.)

रिअर-व्हीलचे चाहते म्हणतात ते यावरूनच. त्यांच्या मते ही गाडी चालवणाऱ्याला कामाला लावते. ती तुमच्याकडून काही मागते, तुम्ही ते दिलंत की बक्षीस देते. स्टिअरिंग हातात जिवंत लागतं, कारण पुढच्या चाकांवर इंजिनाची ओढाताण नसते. ताकदवान फ्रंट-व्हील गाडीत जोरात निघाल्यावर स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जातं, तो अनुभव इथे नाही. हे सगळं खरं आहे. यातला सगळ्यात चांगला मुद्दा असा, की ज्या कामात चुकायला वावच नाही त्यात कौशल्यही नसतं. ज्या पेटीतून कधी बेसूर निघणारच नाही, ती वाजवणाऱ्याला वादक कशाला म्हणायचं?

पण आपल्या देशात ही निवड चालवणाऱ्याच्या मजेसाठी कधी झालीच नाही. इतिहास बघितला तर गंमत वाटते. ज्यांना आपण भारताच्या जुन्या गाड्या म्हणतो त्या दोन्ही, अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, रिअर-व्हील ड्राइव्ह होत्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कुणीही पद्मिनीला 'ड्रायव्हर्स कार' म्हटल्याचं आठवत नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, उन्हात तापलेलं रेक्झिन आणि दिवसभराची ट्रॅफिक यात मजा शोधायला ड्रायव्हरला फुरसत नव्हती. त्या गाड्या रिअर-व्हील होत्या त्याचं साधं कारण म्हणजे त्या काळात तीच रूढ आणि स्वस्त पद्धत होती. जी चाकं वळायचीही आहेत आणि फिरवायचीही आहेत, त्यांच्यासाठी लागणारे जॉइंट बनवणं महाग आणि अवघड होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा लोक हळहळले ते आठवणींसाठी. तिच्या मागच्या चाकांसाठी कुणी हळहळलं नाही.

त्या गाड्यांमध्ये मागच्या सीटसमोर, मधोमध, जमिनीवर एक उंचवटा असायचा. पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट त्याखालून जायचा. मागे तिघं बसले की मधल्याचे गुडघे हनुवटीला टेकायचे आणि मधली जागा नेहमी घरातल्या सगळ्यात लहान किंवा सगळ्यात सोशिक माणसाला मिळायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, ७९६ सीसीची आणि फ्रंट-व्हील ड्राइव्ह. इंजिन पुढे आडवं बसवलेलं, चाकंही पुढचीच फिरणार, त्यामुळे मागे जाणारा शाफ्ट गेला आणि उंचवट्याची गरजही संपली. ही मांडणी ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये ब्रिटनच्या मिनी गाडीत लोकप्रिय केली होती. छोट्या गाडीत चार माणसं बसवायची तर यंत्रानं कमीत कमी जागा खायला हवी, हा त्यामागचा विचार. पुढे १९९८ मध्ये आलेली पुण्याची इंडिकाही याच वाटेनं गेली. म्हणजे मराठी मध्यमवर्गाच्या गाडीत फ्रंट-व्हील आली ती मागच्या सीटवरच्या माणसामुळे. चालवणाऱ्याची मजा आणि बसणाऱ्याचे गुडघे यात गुडघे जिंकले. मला हा निकाल न्याय्य वाटतो.

आज रस्त्यावर मागच्या चाकांनी पळणारी वाहनं कुणाकडे आहेत, ते बघा. कोपरखैरणेतल्या स्टँडवरची रिक्षा मागच्या चाकांवर चालते. भाजी वाहणारा टाटा एस, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी इको, गावाकडची बोलेरो, न्हावा-शेव्याकडे कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर, सगळे मागच्या चाकांवर. ओझं मागे असतं, म्हणून दाबही मागेच मिळतो. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या शेअर टॅक्सींत वर्षानुवर्षं आधी ओम्नी आणि मग इको दिसत आल्या. माणसं भरून खडा चढ चढताना वजन मागे सरकतं, आणि तिथे मागची चाकंच कामाची. दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या सेडान. म्हणजे आपल्याकडे रिअर-व्हील एकतर राबणाऱ्याची किंवा श्रीमंताची, मधल्या सगळ्यांची फ्रंट-व्हील. एकाला ती पोटासाठी लागते, दुसऱ्याला मजेसाठी. मधला तरुण दुसऱ्याकडे बघतो आणि त्याला वाटतं की मजा त्या मागच्या चाकांत आहे. तो रिक्षावाल्याकडे बघत नाही. बघितलं असतं तर त्याला कळलं असतं की चाकं तीच आहेत, मजा वेगळीकडून येते.

आता अवघड भाग. वर ज्या दोन स्वभावांचं वर्णन केलं, ते पूर्णपणे उघड कधी होतात? पकड संपते तेव्हा. टायर त्याच्या मर्यादेला पोचतो तेव्हा. त्याआधी, शहाणपणाच्या वेगानं चालवताना, दोन गाड्यांमधला फरक असतो पण बारीक असतो. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर आजच्या टायरांची मर्यादा गाठायची तर ज्या वेगानं वळावं लागतं, तो वेग सार्वजनिक रस्त्यावर योग्य नसतो. म्हणजे पेच असा: ज्या गुणासाठी ही गाडी घ्यायची, तो गुण पूर्ण अनुभवायचा तर चुकीचं वागावं लागतं. नीट वागलं तर तो गुण बराचसा झाकलेलाच राहतो.

नवी मुंबईत हा पेच जास्तच ठळक होतो. हे आखून बांधलेलं शहर आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि नोड, सेक्टर, रुंद रस्ते असं सगळं कागदावर आधी उतरलं. इथे वळणं कमी, सरळ रेषा जास्त. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, त्यावर शंभरच्या मर्यादेत जाताना कुठली चाकं गाडीला पळवताहेत हे डोळे मिटून बसलेल्याला सांगता येणार नाही. आणि पाम बीच रोड. वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे दहा किलोमीटर, एका बाजूला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या बाजूला टॉवर. दिवसा सिग्नल आणि गर्दी, रात्री मोकळा. या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या या शहरात वाढलेल्या प्रत्येकानं वाचलेल्या आहेत.

इथे नेहमीचा युक्तिवाद येतो: "रात्री दोनला रस्त्यावर असतं कोण? झालं तर माझंच नुकसान." नीतीच्या भाषेत हा वजनदार युक्तिवाद आहे. जॉन स्टुअर्ट मिलपासून आपण मानत आलो की प्रौढ माणूस स्वतःपुरता धोका पत्करत असेल तर इतरांनी मध्ये पडू नये. गिर्यारोहकाला आपण अडवत नाही, सह्याद्रीतल्या कड्यांवर दोर लावून चढणाऱ्यांचं कौतुकच करतो. मग गाडीवाल्याला का अडवायचं?

उत्तर त्याच रस्त्यावर आहे. नेरूळला सारसोळे गाव पाम बीच रोडच्या एका बाजूला आणि गावाची जेटी दुसऱ्या बाजूला, खाडीकडे. गाव आधीपासून आहे, रस्ता नंतर आला. हे शहरच ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे. मासेमारीला निघणारा माणूस भरती-ओहोटी बघून घरातून निघतो, आणि भरती काही ऑफिसच्या वेळेत येत नाही. रात्री दोनला रस्ता ओलांडणारा माणूस तिथे कामावर चाललेला असतो. 'रस्ता रिकामा आहे' हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. त्याचा खरा अर्थ 'मला कुणी दिसत नाही' इतकाच होतो. कड्यावर चढणारा खाली पडला तर तो स्वतः पडतो. गाडीवाल्याच्या धोक्यात मात्र दुसरा माणूस न विचारता भागीदार झालेला असतो.

आकडेही तेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंसमोर कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. मृतांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा, त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. मोटारीत बसलेल्यांचा क्रम त्यानंतर लागतो. हौसेला मोल नाही हे इथे भलत्याच अर्थानं खरं ठरतं. मोल आहे, पण हौस करणाऱ्याच्या खिशातून ते जाईलच याची खात्री नाही.

मग चालवण्याची मजा सोडून द्यायची का? माझ्या मते नाही. मजेची व्याख्या मात्र नीट बघायला हवी. ॲरिस्टॉटलनं सुखाबद्दल एक उपयोगी गोष्ट सांगितली आहे. सुख ही कामाच्या शेवटी मिळणारी वेगळी वस्तू नसते. एखादं काम उत्तम रीतीनं चाललेलं असताना त्या कामातच ते उमलतं. तसं असेल तर विचारायचा प्रश्न असा: गाडी 'उत्तम रीतीनं' चालवणं म्हणजे काय? वेगानं चालवणं हे एक उत्तर. ते सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात उथळही, कारण वेग इंजिन देतं, चालवणारा फक्त पाय दाबतो.

दुसरं उत्तर अनेकांनी लहानपणी ॲनिमेमध्ये बघितलं आहे. 'इनिशियल डी'मधला मुलगा वडिलांच्या दुकानाचा टोफू पहाटे डोंगरातल्या रस्त्यानं पोचवतो. गाडी जुनी टोयोटा, एई८६, रिअर-व्हील ड्राइव्ह. वडील गाडीत पाण्यानं भरलेला पेला ठेवतात. पाणी सांडता कामा नये, कारण पाणी सांडलं म्हणजे मागचा टोफू तुटला. सगळ्यांना आठवतात ते ड्रिफ्ट, पण त्या मुलाला घडवलं त्या पेल्यानं. पाणी सांडू द्यायचं नाही म्हणजे वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, ब्रेक एकदम सोडायचा नाही, स्टिअरिंग एकाच ओघात फिरवायचं, वजन एका चाकावरून दुसऱ्यावर जाताना धक्का बसू द्यायचा नाही. टायरांवरचा भार हळुवार हलवणं हेच शर्यतीतल्या चालकाचंही मूळ कौशल्य आहे. आता, त्याच कथेत तो मुलगा सार्वजनिक घाटात रात्री शर्यती लावतो, आणि समोरून कुणी येणार नाही याची सोय लेखकानं केलेली असते. आपल्या घाटात ती सोय करणारा लेखक नाही. म्हणून कथेतून पेला घ्यावा, शर्यत तिथेच सोडावी.

हा पेला आपल्याला परका नाही. आपल्याकडे गाडी चालवण्याला जुना, मोठा शब्द आहे: सारथ्य. आपल्या कथांमधले थोर सारथी कुणासाठी रथ हाकतात बघा. कृष्ण अर्जुनासाठी, मातली इंद्रासाठी. शल्य कर्णाचा सारथी होतो तेव्हा कौशल्य त्याच्याकडे भरपूर असतं, पण रथात असलेल्याचं भलं त्याच्या मनात नसतं, आणि ते कौशल्य कर्णाच्या कामी येत नाही. कठोपनिषदातलं रूपकही असंच आहे. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि रथाचा मालक आत बसलेला आत्मा. सारथी कितीही हुशार असला तरी प्रवास त्याचा एकट्याचा नसतो. या विचारात चालवणाऱ्याचा आनंद नाकारलेला नाही, पण त्याला एक कसोटी लावलेली आहे: बरोबरच्याला तो मानवतो का?

घाटात ही कसोटी लगेच कळते. पनवेलहून पेणकडे जाताना कर्नाळ्याची वळणं लागतात. पुढे बसलेला मजेत वळणं कापतोय आणि मागे आई प्लास्टिकची पिशवी शोधतेय, हे दृश्य किती कुटुंबांना ओळखीचं असेल! तीच वळणं तोच माणूस अशीही घेऊ शकतो की आईची झोप मोडणार नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. तिला जास्त लक्ष, जास्त अंदाज, यंत्राची जास्त समज लागते. म्हणून ॲरिस्टॉटलच्या हिशेबानं तीत सुखही जास्त असायला हवं. आणि ती चाळीसच्या वेगालाही करता येते. खारघरच्या उत्सव चौकातल्या गोल वळणावर करता येते. तिला रिकामा रस्ता लागत नाही.

एकदा हे मान्य केलं की फ्रंट की रिअर हा प्रश्न फालतू ठरत नाही, त्याचा आकार फक्त खराखुरा होतो. हळुवार चालवणाऱ्यालाही फरक जाणवतोच. रिअर-व्हील गाडीत स्टिअरिंग स्वच्छ लागतं, आणि वळणातून बाहेर पडताना पाठीमागून मिळणारा अलगद रेटा हे एक खरं, निरुपद्रवी सुख आहे. ज्याला ते आवडतं आणि परवडतं, त्यानं जरूर घ्यावं. पण हलकी फ्रंट-व्हील गाडीही कमी मजेची नसते. त्याच इसिगोनिसच्या मिनीनं १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली तेव्हा हळहळणाऱ्यांत चालवण्याचे शौकीन सगळ्यात पुढे होते, आणि ती फ्रंट-व्हील होती. फोक्सवॅगननं २०१० पासून त्याच पोलोच्या शर्यती भारतात भरवल्या. छोट्या, हलक्या गाडीची आणखी एक नैतिक म्हणावी अशी बाजू आहे. ती तिच्या टायरांबद्दल, वजनाबद्दल कमी वेगालाच बोलायला लागते. तीनशे हॉर्सपॉवरची गाडी तिचं पहिलं वाक्य बोलते तोवर आपण नको त्या वेगाला पोचलेलो असतो.

ज्यांना मर्यादाच अनुभवायची आहे, त्यांची ओढ मी खोटी मानत नाही. आपण कुठवर जाऊ शकतो हे कळावं असं वाटणं ही माणसाची जुनी भूक आहे. तिची जागा ट्रॅकवर आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, कोइंबतूरला कारी आहे. तिथे जो येतो तो धोका ओळखून येतो, हेल्मेट घालून येतो, आणि समोरून मासे धरायला निघालेला कुणी येत नाही. साध्या गो-कार्टपासूनही सुरुवात होते. कार्ट मागच्या चाकांवरच पळतं आणि शेपूट फिरली की काय करायचं ते दहा मिनिटांत शिकवतं. यात शहराचाही थोडा दोष आहे. आपण दहा किलोमीटरचा मोह बांधला, पण मोह नीट भागवायची जागा बांधली नाही. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावला, पण जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर आलेली असताना, गाडी घसरली तर पायाचं काय करायचं हे कुणी शिकवलं नाही. हे दोन्ही स्वभावांच्या गाड्यांना लागू आहे, आणि त्या दिवशी वेग तीसचाही पुरतो.

शेवटी एक गंमत. ज्या अडचणीमुळे आपण सगळे फ्रंट-व्हीलकडे वळलो, ती अडचणच आता संपत चालली आहे. इलेक्ट्रिक गाडीत मोटर थेट मागच्या चाकांजवळ बसवता येते. शाफ्ट नको, उंचवटा नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या मागच्या मोटरवर चालतात. २०२३ मध्ये आलेली एमजीची इटुकली कॉमेटही मागच्या चाकांवर चालते, ४२ पीएसची, आणि ती कुणी ड्रिफ्ट मारायला घेत नाही. मागच्या सीटवरच्या मधल्या माणसाचे गुडघे आता सुटले आहेत. चाळीस वर्षांपूर्वी यंत्राच्या रचनेनंच चालवणाऱ्याच्या वतीनं निर्णय घेतला होता: मजा थोडी कमी, माणसं नीट बसतील. आता यंत्र तो निर्णय घेणार नाही. दोन्ही मिळतील, शिवाय बॅटरीचं वजन आणि पाय टेकताच मिळणारी ताकदही मिळेल. घसरण सावरायला कॉम्प्युटर असेल, म्हणजे चुकीची शिक्षाही लगेच मिळणार नाही.

म्हणून शोरूममध्ये तो प्रश्न विचारायला हरकत नाही. कुठली चाकं फिरतात ते जरूर विचारावं, टेस्ट ड्राइव्हमध्ये एखादं वळण घेऊन हाताला काय लागतं ते बघावं. फक्त टेस्ट ड्राइव्हला जाताना मागच्या सीटवर घरातलं कुणीतरी बसवावं, जमलं तर सगळ्यात सोशिक असेल तेच. गाडी कशी वाटली हे आधी त्यांना विचारावं.